दारामागची छुनजा

प्यो दालसूनं तीस वर्षं राजवाड्यांच्या लाकडी जाळीच्या दारांना कागद लावला. जोंजूकडचा गडी, हात खडबडीत. पण तुतीच्या सालीचा कागद त्या हातांखाली असा ताठ बसायचा, की टिचकी मारली तर डफासारखा वाजावा. थंडी पडायच्या आत जुना कागद सोलायचा आणि गव्हाची खळ लावून नवा चढवायचा. आता त्याला अठ्ठ्याहत्तरावं लागलं होतं आणि चार महिने झाले, बायकोला तो 'ओ बाई' म्हणत होता.

बायको छुनजा. उद्या सकाळी नऊला वृद्धाश्रमाची गाडी म्हाताऱ्याला न्यायला येणार होती. लेकीनं ठरवलं होतं, आणि लेकीला बोल लावायला जागा नव्हती. गॅस तसाच पेटता ठेवून म्हातारा दोनदा घराबाहेर पडला होता. छुनजाचं मागणं एवढंच, की जायच्या आधी त्यानं आपल्याला एकदा ओळखावं. माणूस विसरला तरी हातांना दारं आठवतील, दारांच्या मागोमाग आपणही आठवू, असं तिनं मनाशी धरलं आणि त्याला घेऊन सकाळीच निघाली.

आधी ग्योंगबोक राजवाड्याच्या खडीवरून दोघं गुडघे सांभाळत हिंडले. भाड्याची राजवस्त्रं ल्यालेली पोरंपोरी जिकडंतिकडं फोटो काढत होती. अशाच एका राजापुढं दालसू कमरेत वाकला. छुनजानं दंड धरून त्याला सरळ केलं.

"आवं, भाड्याचा राजा हाय त्यो. सांजच्याला कापडं परत करून हाटेलात ताटं उचलंल."

पोरगं खुदकन हसलं. दालसू हसला नाही, दारांकडंही त्यानं ढुंकून पाहिलं नाही.

दुपारी बाकावर किंबापच्या भाताच्या वळकट्या खाताना त्यानं आतला पिवळा मुळा उपसून नेहमीसारखा तिच्या डब्यात टाकला. तेवढ्यानंही तिला धीर आला. मग ती त्याला चालवत छांगदोक वाड्यात घेऊन गेली.

आतल्या अंगणातल्या एका बंद दारापाशी तो थबकला. पायरी चढून त्यानं कागदावर तळवा फिरवला.

"खळ पातळ झालीया," तो पुटपुटला. "कोन हाय ह्यो गबाळ्या कारागीर?"

छुनजा लगबगीनं पायरीपाशी आली. तेवढ्यात त्यानं बोट तोंडात घालून ओलं केलं आणि कागदात खुपसलं.

त्यांच्या गावाकडं लग्नाच्या रात्री आयाबाया असंच करायच्या; ओल्या बोटानं भोक पाडून नव्या जोडप्याच्या खोलीत डोकवायच्या. या दोघांच्या दाराला अकरा भोकं पडली होती. सकाळी ती बुजवताना दालसू कानापर्यंत लाल झाला होता.

पहारेकरी धावत आला. "आजोबा, हे काय केलंत? राजवाड्याचं दार आहे!"

दालसूनं भोकावरचा डोळा काढला नाही. "हळू बोला. आत नवरी बसलीया. छुनजा. माझीच हाय." मग बायकोकडं वळून अजीजीनं म्हणाला, "ओ बाई, दार उघडाया सांगा की ह्यास्नी. एकटी भेल ती."

"आवं, मीच की छुनजा."

त्यानं तिला खालीवर न्याहाळलं, सुरकुत्या पाहिल्या, आणि बाजारातल्या परक्या म्हातारीला सांगावं तसं अदबीनं सांगितलं, "थट्टा नका करू, मावशी."

पहारेकऱ्याचा आवाज उतरला. भोकाची नोंद करायला त्यानं तिचा फोन नंबर तेवढा लिहून घेतला. दालसू पायरीवर ठाण मांडून बसला तो बसलाच. छुनजानं ओढून पाहिलं, पहारेकऱ्यानं समजावलं, म्हातारा हलेना. वाडा बंद व्हायची सूचना दोनदा झाली. आत रिकामी खोली होती आणि छुनजाजवळ आता सांगायला एकच गोष्ट उरली होती.

"छुनजा म्होरं घरी गेली," ती म्हणाली. "भात वाढून बसलीया."

दालसू गुडघा धरून उठला. "मग आदी न्हाई का सांगायचं?" म्हणत फाटकाकडं असा सुटला, की तिला मागं धापा टाकत पळावं लागलं. उद्या गाडीत चढवतानाही हेच सांगावं लागणार, हे तिला फाटकापाशीच कळून चुकलं.