दांडीला बांधलेला नाडा

परभणीहून भाच्याचा फोन आला, "आत्या, बाबा गेले." महिना होऊन गेला, पण अजूनही दादाचं नाव निघालं की रडू येण्याआधी ऊर अभिमानाने भरून येतो. वालूरच्या शेतकऱ्याचं पोर, निजामाच्या राज्यात विमान चालवायचं!

गंगाखेडच्या बाजूला एका जागीरदारांना बिनइंजिनाच्या विमानाची भारी हौस. ते आपलं आपण वर जात नाही, पुढच्या विमानाला दोर बांधून ओढत न्यावं लागतं. पुढचं विमान दादाचं, आणि धोकाही त्याचाच. मागचा गडी चुकून फार वर चढला, की दोराने दादाच्या विमानाची शेपटी उचलली जायची आणि नाक सरळ जमिनीकडे. मग दोर सोडायची दांडी ओढायची, एवढंच हातात. आईला त्याने एकदा सांगितलं होतं, "माझा जीव या दांडीत हाय."

आईने ते मनावर घेतलं. दसऱ्याला माळावर येऊन तिने विमानाला हळदकुंकू वाहिलं आणि त्या दांडीला लाल नाडा करकचून बांधला, गाठीवर गाठ मारून. उडण्याआधी दादा दांडी नेहमी ओढून बघायचा. त्या दिवशी ती जागची हलेना. त्याने इंजिन बंद करून चाकू काढला.

"आरं, सणाच्या दिशी देवाची गाठ तोडतूस?" आई कळवळली. माळावर गाव लोटलेलं, जागीरदार खोळंबलेले, बायका अपशकुन म्हणून पुटपुटायला लागलेल्या...

"आई, ही हलली न्हाई तर तुझा लेक खाली यील, पर चालत न्हाई."

नाडा कापून त्याने आपल्या मनगटाला बांधला. आई पाठ फिरवून बसली. भर सणात, आईच्या डोळ्यांत पाणी बघून तो चाकू चालवायला केवढी छाती लागली असेल!

विमान झाडांच्या वर जातंय न जातंय, तोच मागच्या बिनइंजिनाच्या विमानात बसलेले जागीरदारांचे जावई भसकन वर चढले. दादाचं नाक खाली वळलं... त्याने दांडी ओढली. दोर सुटला. ज्वारीच्या कणसांना घासून विमान पुन्हा वर निघालं. जावईबापूही शेजारच्या पडीक रानात सुखरूप उतरले.

आई वालूरभर सांगत सुटली, "माझी गाठ तोडली, म्हणून वाचला माझा लेक." पुढे विमान सुटलं, दादा शेती बघू लागला, तरी तो घराबाहेर निघाला की आई विचारायचीच, "दांडी वढून बघितलीस का?" तो हसून हात हवेत ओढून दाखवायचा.

दादाला घरातून उचललं तेव्हा उंबऱ्याशी मी उभी होते. आई नव्हती, म्हणून मीच विचारलं.