माळढोकाची कोरी फिल्म

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. तुम्हाला का सांगतोय? तुम्ही उठून अण्णांकडे जाणार नाही, असं धरून चालतो — बस, एवढंच.

आधी अण्णा कोण ते सांगू द्या. वळसा घेतोय, कळतंय मला. बसूअण्णांचं चाटी गल्लीत चादरींचं दुकान. पण सोलापुरात काळ्या-पांढऱ्या फोटोंचा माणूस म्हटलं की त्यांचंच नाव निघायचं. दुकान भावावर टाकून हा गडी नान्नजच्या माळावर, दुकानातलीच एक विटकी चादर डोक्यावरून घेऊन तासन्‌तास बसलेला. चादरीच्या फटीतून फक्त भिंग बाहेर. "माळाला रंग कुटं हाय रे?" म्हणायचे. "वाळलेलं गवत आन् वर आभाळ. सावली बघ की, सावली." बघायला मला त्यांनीच शिकवलं. राग अजून गेलेला नाही, तरी हे मान्य करतो.

राग लांडगीचा. पिलू तोंडात धरून ओढा ओलांडणारी लांडगी — ती मी टिपली होती, मी! रोल अण्णांच्या फिल्म धुण्याच्या अंधाऱ्या खोलीत धुतला, निगेटिव्ह तिथंच राहिली. पुढे त्यांच्या प्रदर्शनाला गेलो, तर दारातच माझी लांडगी टांगलेली आणि खाली त्यांचं नाव. विचारायला गेलो, तर पाहुण्यांसमोर माझ्या खांद्यावर हात टाकून हसले. "ह्यो माझी पिशवी धरतो. जीव लई हाय पोराचा माळावर."

पिशवी!

तिथल्या तिथं भांडायला नको होतं का? पण मी हसलो. चहाही घेतला वर. आणि राग लोणच्यासारखा मुरत ठेवला. त्यांच्याकडे जाणं-येणंही तसंच चालू ठेवलं, कारण संधी तिथंच मिळणार होती.

मिळालीही. एका पावसाळ्यात सकाळीच अण्णा धापा टाकत माझ्याकडे आले. माळढोक दिसला होता — आणि नुसता दिसला नव्हता, नाचला होता. गळ्याची पांढरी पिशवी फुगवून, शेपूट उभारून, त्यांच्या चादरीसमोर. त्या माळावर हा पक्षी आता दिसेनासा झाला होता. त्याचा नाच टिपण्यासाठी अण्णांनी आयुष्य तिथं बसून काढलं होतं. "गावला रे, गावला! चल, तुज्यासमोरच धुतो." डोळ्यांत पाणी होतं त्यांच्या. पहिल्यांदा मलाच सांगितलं त्यांनी. मलाच.

आता येतो त्या गोष्टीकडे. फिल्म आधी डेव्हलपरमध्ये घालायची, त्यात चित्र उमटतं. मग हायपोमध्ये, त्यात ते पक्कं होतं. उलट केलं तर उमटण्याआधीच हायपो सगळं खाऊन टाकते आणि हातात कोरी पट्टी येते. अण्णांच्या दोन्ही बाटल्या सारख्याच, तपकिरी काचेच्या. चिठ्ठी लावायची नाही, हा त्यांचा तोरा. डावीकडे डेव्हलपर, उजवीकडे हायपो, हात आपोआप जायचा. हायपोचा वास नाकात जातो खरा, पण तपकीर ओढून ओढून अण्णांचं नाक कधीच गेलेलं होतं.

अण्णा त्या खोलीचं दार लावून अंधारात रोल उजेड न शिरणाऱ्या डब्यात भरत होते. मी बाहेर, बाटल्यांच्या फळीपाशी उभा. डावीकडची बाटली उजवीकडे ठेवली आणि उजवीकडची डावीकडे. चुकून झालं का? नाही. खोटं कशाला सांगू?

ते बाहेर आले. ओतलं, हलवलं, गाणं गुणगुणत. मी शेजारी उभा राहून बघत होतो. ओतण्याआधी एका शब्दाने थांबवता आलं असतं. फिल्म बाहेर काढून त्यांनी खिडकीशी धरली, तेव्हा पलीकडचं कडुलिंबाचं झाड तिच्यातून स्वच्छ दिसलं.

"यप्पा," ते एवढंच म्हणाले. मग खाली बसले. "माज्याच हातानं झालं बघ. म्हातारा झालो की मी."

"होतं असं, अण्णा," मी म्हणालो. आणि आतून काय वाटलं? गार वाटलं. लांडगी फिटली, असं वाटलं. घरी येऊन दोन घास जास्त जेवलो.

अण्णांनी पुन्हा कॅमेरा धरला नाही. हातावर भरवसा राहिला नाही म्हणे. तो कॅमेरा त्यांनी मलाच दिला आणि त्याच्यावर मी नाव कमावलं. त्या पावसाळ्यानंतर नाचणारा माळढोक तिथं कुणाला दिसल्याचं मी ऐकलेलं नाही.

एवढ्यावर थांबलो असतो तर? पण मन भरलं नव्हतं. ती कोरी पट्टी मी उचलून आणली होती. कोऱ्या निगेटिव्हचा फोटो छापला की कागद नुसता काळाकुट्ट येतो. तसा एक मोठा छापला, खाली 'माळावरची अमावस्या' लिहिलं, माझं नाव घातलं आणि गेल्या वर्षीच्या माझ्या प्रदर्शनात दारातच टांगला. लोक वा वा म्हणून गेले. मी अण्णांची वाट बघत होतो.

ते आले, काठी टेकत. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. त्या काळ्या कागदासमोर खूप वेळ उभे राहिले. मग बोट पुढं केलं.

"हितं गवतात कायतरी हाय न्हाय का रे? मान वर केलेलं?"

"आहे, अण्णा," मी म्हणालो.

फोटो त्यांनी मागून घेतला. आता तो त्यांच्या दुकानात गादीमागच्या भिंतीवर आहे. येणाऱ्या गिऱ्हाइकाला ते बोट ठेवून दाखवतात, पक्षी कुठं उभा आहे ते. खाली माझं नाव आहे.