ठकीला नेमकं काय झालं होतं

हे मी कुणालाच बोललेलो नाही. मुलीला नाही, भावकीत नाही, देवापुढंही नाही — तिथं नुसता हात जोडून उभा राहतो आणि निघून येतो. चौथी शिकलेला माणूस मी, सगळं आयुष्य बोटीवर खलाशी म्हणून गेलं. लिहायची सवय नाही. पण हे तोंडानं सांगणं मला जमत नाही, म्हणून लिहितो.

मांजराची गोष्ट आहे. हसू नका. हसलात तरी चालेल — पण शेवटपर्यंत वाचा.

ठकी आमच्याकडं चौदा वर्षं होती. यमुनानं, माझ्या बायकोनं, आगरदांड्याच्या जेटीवरून टोपलीत घालून आणली तेव्हा मुठीएवढी होती. मी म्हणालो, "मासळीच्या घरात मांजर? चोराच्या हातात चावीच दिलीस की." यमुना म्हणाली, "बघा तुम्ही, हिलाच राखणीला बसवते." आणि खरंच बसवली. यमुना मीठ लावलेली मांदेली अंगणात जुन्या जाळ्यावर वाळत घालायची, आणि ठकी जाळ्याच्या कडेला पंजे मुडपून बसायची. कावळा उतरला की ही उठलीच. स्वतः मात्र एका मासळीला तोंड लावायची नाही. हातानं द्याल तेवढंच. आजूबाजूच्या वाड्यांतल्या बायका "यमुनाची मांदेली" असं नाव घेऊन मागायला यायच्या. त्यात काय होतं? मीठ आणि ऊन. बाकी काही नाही.

मग यमुना गेली. मुलगी पनवेलला, तिचा तिचा संसार. घरात उरलो मी आणि ठकी. तुम्ही कधी असे राहिलात का? दिवसभर आपलाच आवाज कानावर पडत नाही — आणि मग एकदम खोकला आला की आपणच दचकतो. मी ठकीशी बोलायचो. आमटीत मीठ जास्त पडलं, हे तिला सांगायचो. ती यमुनाच्या गोधडीवर झोपायची. ती गोधडी मी धुतलीच नाही. आम्हा दोघांनाही तो वास हवा होता.

मांदेली वाळवणं मी सोडलं नाही. बायका विचारायच्या, यंदा यमुनाची मांदेली आहे ना? ते ऐकायला बरं वाटायचं. पण यमुना दिवसभर बसून माशा हाकायची, तासातासानं मासळी उलथायची — ते माझ्याच्यानं होईना. पहिल्याच वर्षी हवा ढगाळ झाली आणि सगळ्या मालात अळ्या पडल्या. टाकून दिला. आणि पुढच्या वर्षी मी —

कसं लिहू? सरळच लिहितो. वालाच्या पिकावर किडीसाठी मारतात ती पांढरी पावडर घरात डब्यात होती. ती मी जाळ्याच्या कडेनं टाकली. मासळीवर नाही, कडेनं — असं स्वतःलाच बजावत टाकली. एक माशी बसली नाही. मग दुसऱ्या दिवशी थोडी मासळीवरही भुरभुरली. वाळल्यावर झटकली की दिसत नाही. बायका घेऊन गेल्या. "यमुनाचा हात तुमच्यात उतरलाय हो," म्हणाल्या. मी मान डोलावली. त्याच्या पुढच्या वर्षी आभाळ उघडतच नव्हतं, म्हणून माझी मूठ मोठी झाली.

आणि कडेला कोण बसायचं? मला माहीत नव्हतं का?

एका सकाळी ठकी जाळ्यापासून उठली आणि मागचे पाय तिला धरेनात. तोंडातून लाळेची तार. अंगावरची कातडी थरथर उडत होती, आतून कुणी टोचतंय अशी. डोळ्यांतल्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या. माझ्याकडं बघून तिनं तोंड उघडलं, पण आवाज आला नाही. शेजारपाजार गोळा झाला. कुणी म्हणालं साप, कुणी म्हणालं नजर, कुणी म्हणालं म्हातारी झाली आता. शेजारच्या लीलावहिनी माझ्यावर ओरडल्या, "भावोजी, बघत काय बसलाव? रिक्षा बोलवा!"

मी तिचे पुढचे पंजे बघत होतो. बोटांच्या मध्ये पांढरं होतं. सकाळभर ती पंजे चाटत बसली होती. म्हणजे कोडं गावाला होतं. मला नव्हतं. मग मी काय केलं? ओल्या फडक्यानं तिचे पंजे पुसले. तिला बरं वाटावं म्हणून नाही — कुणाला दिसू नये म्हणून.

रिक्षा दत्ताची. त्याची बायको दर वर्षी आमची मांदेली न्यायची. दवाखान्यात ठकीचे पाय धरून तोच उभा राहिला. जनावरांची डॉक्टर, तरणी पोर, चांगली होती. तिनं विचारलं, "काका, पोटात काही विषारी गेलंय का? शेतातलं औषध, पावडर? नीट आठवून सांगा. उंदराच्या विषावरचं इंजेक्शन वेगळं, शेतातल्या औषधावरचं वेगळं."

याहून सोपं करून कुणी काय विचारणार?

दत्ता माझ्या तोंडाकडं बघत होता. मी म्हणालो, "माझ्या घरात तसलं काय न्हाय. शेजारी लीलावहिनी भाताच्या कणगीपाशी उंदराचं ठेवतात."

डॉक्टरीणबाईंनी ठकीचे डोळे पुन्हा पाहिले. म्हणाल्या, "लक्षणं जुळत नाहीत हो. नक्की ना?"

"नक्की."

दोनदा विचारलं तिनं. दोनदा.

तिनं उंदराच्या विषावरचं इंजेक्शन दिलं. दुसऱ्या दिवशी दुपारी ठकी माझ्या मांडीवर गेली. शेवटपर्यंत माझ्या हातावर डोकं घासत होती.

यमुनाचं नाव खराब होईल म्हणून मी गप्प बसलो, असं मी बरीच वर्षं मनाशी म्हणत आलो. खोटं आहे. यमुना गेलेली होती, तिला कोण काय म्हणणार? लाज माझी होती. उरलेली मांदेली मी खड्डा काढून पुरली. आधी लोकांच्या घरात गेली ती गेली. ती खाऊन कुणाला काही झालं का, हे मी कधी विचारलं नाही. विचारलं असतं तर कुणीतरी उत्तर दिलं असतं.

ठकी गेली त्या संध्याकाळपर्यंत दत्तानं उंदराच्या विषाचं गावभर केलं. लीलावहिनी धावत आल्या, उंबऱ्यात कपाळ बडवून घेतलं. "माझ्या घरातलं खाल्लंन हो तिनं, भावोजी!" उंदराचं औषध त्यांनी त्याच दिवशी फेकलं. उंदरांनी कणगी पोखरली तरी पुन्हा आणलं नाही. आणि दुसऱ्या दिवसापासून दुपारचं ताट माझ्याकडं यायला लागलं. भात, कालवण, कधी तांदळाची भाकरी. एकटा आहे, मांजरही आपल्यामुळं गेलं — म्हणून. सहा वर्षं झाली. एक दिवस चुकलेला नाही. मीही एक दिवस नको म्हटलेलं नाही. बाईच्या हाताला चव आहे.

आता लीलावहिनींची नजर गेली आहे. एका डोळ्यानं काहीच दिसत नाही, दुसऱ्यानं धूसर. भिंत चाचपत ताट घेऊन येतात. गेल्या आठवड्यात ताट ठेवून तिथंच बसल्या आणि म्हणाल्या, "त्या मुक्या जिवाचं मला भोवलं, भावोजी. दुसरं काय न्हाय."

घरात आम्ही दोघंच होतो. दत्ता नव्हता, डॉक्टर नव्हती, गाव नव्हतं. मी तोंड उघडलं.

म्हणालो, "वहिनी, मी तुम्हाला केव्हाच माफ केलंय."

त्यांनी पदरानं डोळे पुसले. मग हातानं चाचपत माझे पाय शोधले आणि त्यावर डोकं टेकवलं. मी पाय मागं घेतले नाहीत.