आत्याचं खाकी विमान

हैदराबादच्या ट्रेनिंग सेंटरात वर्ग चालू असताना खिशातला फोन तीनदा थरथरला. चौथ्यांदा मी बाहेर आले. नांदेडहून भाऊ बोलत होता. "वैशू, लता आत्या गेली. सकाळी क्लासच्या पोरी आल्या, तर खुर्चीतच मान टाकलेली. हातात सुई होती..." मी जिन्यात उभी राहिले आणि पहिला विचार आला तो असा, की संध्याकाळी तिला फोन करायचं मी ठरवलं होतं. ठरवून पंधरा दिवस झाले होते. आता पाच आठवडे होत आले, तरी तो न केलेला फोन मला स्वस्थ बसू देत नाही.

लता आत्या माझ्या वडिलांची थोरली बहीण. सासर निलंग्याचं. नवरा लवकर वारला, तशी ती लातूरला आली आणि दोन खोल्यांत शिवणक्लास काढला. अर्ध्या लातूरची झंपरं आपल्या हाताखालून गेली असं ती सांगायची, आणि तिच्यापुढे नाही म्हणायची कुणाची छाती नव्हती. मी चालवत होते त्या पंख्यांच्या लहान विमानात ती एकदाच बसली. उतरल्यावर म्हणाली, "शीटची शिलाई लई ढिली हाय गं." गेल्या वर्षी कंपनीनं मला मोठ्या जेटच्या ट्रेनिंगसाठी निवडलं. पायलट असलं तरी नवं विमान म्हणजे पुन्हा पहिलीत बसणं. डोक्यावरच्या फळीवर बटणांचं जंगल, आणि ती डोळे मिटून हाताला सापडली पाहिजेत. नाही सापडली तर परत जुन्या विमानावर. म्हणून आम्ही कॉकपिटचं मोठं चित्र भिंतीला लावून सराव करतो. मी ते फ्लेक्सवर छापून घेणार होते. आत्यानं उडवून लावलं. "फ्लेक्सवर लोकाचे वाढदिवस छापतेत. मापं दे इकडं, मी काढते खाकी कागदावर."

ब्लाऊजचा नमुना काढतात त्याच कागदावर तिनं विमान काढलं. आठ दिवसांत क्लासची एक भिंत आणि माळ्याखाली टांगलेला पुठ्ठा मिळून कॉकपिट तयार. स्विचच्या जागी शर्टाची काळी बटणं, दाबायच्या जागी टिचबटणं, ती खरंच टिच्च वाजायची. आगीच्या स्विचला कुणाच्या तरी फ्रॉकचं उरलेलं लाल बटण. मग मी सुट्टीत नांदेडला घरी जायच्या ऐवजी लातूरलाच उतरू लागले. आईनं त्यावरून टोमणेही मारले. दोन प्लास्टिकच्या खुर्च्या, डावीकडे मी, उजवीकडे आत्या, नाकावर चष्मा, हातात मी देवनागरीत लिहून दिलेली यादी. विमानात एकानं यादी वाचायची, दुसऱ्यानं ती ती वस्तू तपासून उत्तर द्यायचं. उत्तर बरोबर आल्याशिवाय पुढची ओळ वाचायची नाही. हा नियम आत्याला फार पटला होता. "फ्युएल पंप!" ती ओरडायची. मी चाचपडले की म्हणायची, "घाई कामून करायलीस? विमान कुठं पळून चाललंय?" शिवण शिकायला आलेल्या बायका तोंडाला पदर लावून हसायच्या.

ट्रेनिंगच्या आधी सिम्युलेटरमध्ये, म्हणजे जमिनीवरच्या हुबेहूब कॉकपिटमध्ये, ओळखीचा एक तास मिळाला. शिकवणारे म्हणाले, डोळे मिटा आणि फ्युएल पंपावर हात ठेवा. मी ठेवला. दोन बोटं वर पडला. त्याच रांगेतलं दुसरं बटण, तेही दोन बोटं वर. "तुमचा हात भलत्याच विमानात शिकलाय," ते म्हणाले. दुसऱ्याच दिवशी लातूर गाठलं आणि आत्याचीच टेप घेऊन मापं घेतली. तिनं प्रत्येक चौकटीला चारी बाजूंनी अर्धा इंच जास्त धरला होता. शिलाईचं मार्जिन! जितकं वर जावं तितकी चूक वाढत गेलेली. मी भडकले. क्लासच्या बायकांसमोर म्हणाले, "आत्या, हे झंपर नाही. इथं उसवून सैल करायची सोय नसते. कळतंय का तुला काही?"

ती गळ्यातल्या टेपशी चाळा करत राहिली. "चाळीस वर्षांत मार्जिन न सोडता कातर चालवली न्हाई गं मी. हातच तसा पडला." मग म्हणाली, "टाक फाडून. दुसरं करते." मी म्हटलं, राहू दे, छापून घेईन. ताट वाढलेलं होतं. मी जेवले नाही, दुपारच्या गाडीनं निघून आले... तिनं वाढलेल्या ताटावरून मी त्याआधी कधी उठले नव्हते. त्या दिवशी स्वतःचाच राग यायला हवा होता. तो आता येतो.

तेराव्याला शबाना आली, क्लासमधली सगळ्यात जुनी विद्यार्थिनी. तिच्या हातात खाकी कागदाची गुंडाळी होती. "ताई, मॅडमच्या मांडीवर हे व्हतं. त्या दिवशी. कुणाला दाखवू न्हाई म्हणल्या व्हत्या, तुम्ही येईपत्तर." मी ती जमिनीवर उलगडली. नवं विमान. मापात, काटेकोर. कडेला तिच्या अक्षरात लिहिलेलं, 'मार्जिन सोडू नये', खाली दोन रेघा. तीन रांगांची बटणं शिवलेली, चौथीत अर्ध्यापर्यंत आलेली. पुढे नुसती पेन्सिलीची वर्तुळं.

आत्या गेल्यावर माझं ट्रेनिंग मध्येच थांबवून पुढे ढकललं होतं, ते सोमवारी पुन्हा सुरू होतंय. क्लासची किल्ली माझ्याकडे आहे. राहिलेली बटणं मी शिवली, वाकडीतिकडी. जुना कागद काढून नवा लावला, जुना मात्र फाडवला नाही. गेले चार दिवस मी तिथं बसते आहे. उजवी खुर्ची रिकामी, त्यामुळे यादी मीच वाचते आणि उत्तरही मीच देते. हात अजून दोन बोटं वरच जातो. आत्यानं माझ्यासाठी चाळीस वर्षांची सवय पंधरा दिवसांत मोडली, आणि मला माझी काही महिन्यांची मोडत नाही. खरं सांगायचं तर मोडवतही नाही. ही सवय गेली की आत्याच्या हातचं माझ्या हातात काय उरणार? पण सोमवारी हैदराबादला हे कुणाला सांगू?

काल संध्याकाळी पुन्हा डोळे मिटून बसले. "फ्युएल पंप," मोठ्यांदा म्हणाले. हात गेला, दोन बोटं वर. उत्तर बरोबर आल्याशिवाय पुढची ओळ वाचायची नाही. मी हात मांडीवर घेतला आणि तीच ओळ पुन्हा वाचली.