सगळी स्थळं एकाच फोल्डरात

दोन गोष्टी कधीकधी वेगवेगळ्या ठेवायच्या असतात, हे आमच्या थोरल्या साडूंना जन्मात कोणी पटवू शकलं नाही. ताटात वाढलेलं वरण, भात, वांग्याची भाजी, शेंगदाण्याची चटणी आणि बाजूची शिकरण हे सगळं ते बसल्याबसल्या एकत्र कालवत, आणि बायकोनं कपाळाला हात लावला की म्हणत, "पोटात काय खोल्या हायेत का?" त्यांच्या कोटाच्या एकाच खिशात सुपारी, किल्ल्या, झोपेच्या गोळ्या आणि कोणाच्या तरी मुलीचा फोटो असा संसार नांदत असे. एका लग्नात त्यांनी नवरदेवाच्या काकांना सुपारी म्हणून चक्क गोळी दिली. काका मांडवात इतके शांत बसून राहिले की त्या लग्नात रुसवाफुगवा असा झालाच नाही, आणि साडूंनी त्याचंही श्रेय घेतलं.

तरुणपणी ते घोडेगावच्या बाजारात बैलांची दलाली करत. पंचा हातांवर टाकून त्याखाली बोटं धरून सौदा पटवण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. एकदा बैल घ्यायला आलेल्या एकानं मुलीसाठी स्थळ आहे का म्हणून विचारलं, यांनी दोन्ही व्यवहार एकाच बैठकीत उरकले आणि त्या दिवशी त्यांना साक्षात्कार झाला. "बैलाला गिऱ्हाईक चालवून बघतं, दात बघतं," ते मला सांगत. "नवऱ्याला कोन बघतं? नोकरी इचारली, खेळ खलास." त्यांनी नगरला एस.टी. स्टँडच्या मागं गाळा घेऊन वधू-वर सूचक केंद्र काढलं. जनावरांच्या बाजारातली वर्णनाची सवय मात्र सुटली नाही. त्यांच्याकडची प्रत्येक मुलगी गोरी होती, प्रत्येक मुलगा निर्व्यसनी होता, आणि सगळ्या जिल्ह्याची उंची त्यांनी सरसकट दोन-दोन इंच वाढवून ठेवली होती.

नव्वदच्या दशकाच्या मधल्या वर्षांत त्यांनी बंद पडलेल्या कुठल्याशा कचेरीतला जुना कॉम्प्युटर उचलून आणला. त्याला हार घातला, सत्कारात मिळालेली शाल पांघरली आणि बाहेर पाटी लावली, 'येथे कॉम्प्युटरवर लग्ने जमतील'. टायपिंग शिकलेल्या एका मुलीला बसवून त्यांनी प्रत्येक स्थळाची एक फाइल करवली आणि सगळ्या फाइली अर्थातच एकाच फोल्डरात टाकल्या. लग्न झालं तरी फाइल काढायची नाही. उंची वाढवली, शिक्षण वाढवलं, तर नवी फाइल करायची, पण जुनी तशीच ठेवायची. होता होता तो फोल्डर असा फुगला की उघडायला गेलं की फाइली दाखवणारा फाइल मॅनेजर जागच्या जागी गोठायचा. पडद्यावर वाळूचं घड्याळ यायचं, माऊस सरकायचा नाही, कुठलंही बटण दाबलं तरी मशीन ढिम्म. बाकावरच्या गिऱ्हाइकांना साडू समजावत, "मशीन इचार करतंय. लगीन हाय, घाई कशी चालंल?"

मग उपचार सुरू झाले. टेबल पूर्वेकडे फिरवलं. टेपरेकॉर्डर दुरुस्त करणाऱ्याला बोलावून आतली धूळ झटकून घेतली. एका ज्योतिष्यानं मशीनला शनी असल्याचं सांगितलं, तेव्हा शनिवारी ते बंद ठेवून पाहिलं. सगळे देव करून झाल्यावर त्यांना मी आठवलो. मी कॉलेजात गणित शिकवायचो आणि कॉलेजात कॉम्प्युटर आले तेव्हा ते माझ्याच गळ्यात पडले होते. मी नुसती नावांची यादी मागवली, तर ती पडद्यावरून वाहतच राहिली. फाइली हजारांनी होत्या.

"साडूभाऊ, मशीन धडधाकट आहे," मी म्हणालो. "फोल्डर उघडला की ते आधी यातलं एकूण एक नाव वाचतं, ओळीनं लावतं आणि मगच दाखवतं. एवढी नावं त्याला झेपत नाहीत. मुलं एका फोल्डरात ठेवा, मुली दुसऱ्या."

"येगळी ठेवली तर जमायची कशी?"

"मग ज्यांची लग्नं झाली ती तरी काढा."

"आन उद्या मोडलं तर?"

शेवटी मी चिडून म्हणालो, "नाहीतर जातीवार करा. लोक पहिल्यांदा तेच विचारतात."

साडूंनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं काही मी बैलाला दुधाचा भाव विचारला होता. "ते गिऱ्हाईक घरनंच करून येतं. त्याला मशीन कशाला?" मग त्यांनी एका बागायतदाराची गोष्ट सांगितली. यादीत आपल्या मुलीच्या नावाखाली एका बौद्ध इंजिनियरचं नाव पाहून तो गृहस्थ भडकला होता. "मी म्हनलं, त्याला सांगू का उठून बाजूला बस म्हनून?" अशा वेळी हा माणूस बेरकी आहे की मोठा आहे, तेच कळायचं नाही. तो बागायतदार निघून गेला म्हणून साडू नंतर आठवडाभर हळहळत होते, हेही सांगायला हवं.

आमच्या बायकांची एक धाकटी बहीण होती, शोभा. संगमनेरच्या एका शाळेत शिकवायची. सासरे गेल्यावर तिचं जमवण्याची जबाबदारी आम्हा दोघा साडूंवर आली, म्हणजे त्यांनी ठरवायचं आणि मी मान डोलवायची. तिशी उलटली तरी जमलं नव्हतं. एक दिवस कोपरगावचं कुठलंसं कुटुंब थेट तिच्या शाळेत गेलं आणि सगळ्या शिक्षकांसमोर विचारू लागलं, "नोकरी सोडायला तयार असलेल्या शोभाबाई कोणत्या?"

पुढच्याच रविवारी शोभा नगरला आली. मी तेव्हा गाळ्यात मशीनपाशीच होतो.

"दाजी, माझी फाइल काढून टाका."

"आगं बस तर. च्या घे."

"आधी फाइल."

साडूंनी फोल्डर उघडला. वाळूचं घड्याळ आलं आणि सगळं गोठलं. बाकावर श्रीरामपूरचं एक जोडपं मुलासाठी शोभाचंच स्थळ बघायला आलं होतं. बाईंनी शोभाला नखशिखान्त न्याहाळलं. "मुलगी हीच का हो? उंची जास्त सांगितली होती तुम्ही." गृहस्थ म्हणाले, "उंचीचं जाऊ दे. नोकरी सोडणार आहे ना?"

शोभानं दाजींकडे पाहिलं. याहून अवघड जागांतून साडू थाप मारून निसटलेले मी पाहिले होते, म्हणून मी थापेची वाट पाहत बसलो. साडूंनी चष्मा काढला, धोतराला पुसला, पण परत घातला नाही.

"ते समदं मी लिवलंय," ते म्हणाले. "खोटं हाय. उंची कमी हाय, रंग सावळा हाय, नोकरी सोडनार न्हाई आन उलटं बोलती. तिला न इचारताच मी यादीत घातली. तुमी च्या घ्या."

बाई ताडकन उठल्या. "म्हणजे बाकीच्या फाइलीतसुद्धा असंच का?"

"व्हय. तुमच्या पोराच्याबी."

ते जोडपं चहा न घेताच गेलं. थोड्या वेळानं घड्याळ नाहीसं झालं आणि यादी उघडली. शोभाच्या नावावर एक नाही, ओळीनं बऱ्याच फाइली निघाल्या. दर वर्षीच्या नव्या फाइलीत तिचं वय वर्षानं कमी होत गेलं होतं. ती एकेक वाचत होती, पुसत होती. साडू खाली मान घालून बसले होते. एका फाइलीवर ती थबकली. "दाजी, यात मी एम.ए. आहे!"

"त्या वर्षी एम.ए.ला मागनी हुती."

शोभाला हसू फुटलं. हसता हसता तिचे डोळे भरून आले आणि मी उगाच मशीनची वायर तपासायला लागलो.

त्यानंतर साडूंनी मला वेगवेगळे फोल्डर पाडू दिले. आडनावांवरून नाही, नावाच्या पहिल्या अक्षरावरून. मशीन चटकन उघडू लागलं, धंदा मात्र मंदावला. कारण मुलीचा बाप फाइल करायला आला की साडू विचारायचे, "तिला इचारलंय का?" या प्रश्नावर बरेच बाप उठून जात. साडू चरफडत, शिव्या घालत, पण पुढच्याला पुन्हा तेच विचारत.

पुढं शोभानं आपल्याच शाळेतल्या एका शिक्षकाशी, परजातीतल्या, रजिस्टर लग्न ठरवलं. साक्षीदार म्हणून साडू फेटा बांधून संगमनेरला हजर झाले आणि अक्षता नाहीत म्हणून तिथल्या साहेबांशी भांडले. परतीच्या एस.टी.त ते माझ्या शेजारी खिडकीशी बसले. राहुरीला गाडी थांबली तेव्हा म्हणाले, "प्रोफेसर, पोरगं सावळं हाय."

"हो."

"हसतं मातुर चांगलं. हे लिवायला आपल्याकडं जागाच नव्हती."

गाडी सुटली. त्यांनी फेटा काढून मांडीवर घेतला आणि नगर येईपर्यंत त्याच्यावरून हात फिरवत बसून राहिले.