पहिला नंबर माझ्या आईच्या दाराला

"ए, तू सांग. आज तू जज."

डॉक्टरांनी माझ्याकडं बोट केलं. मी आगटीपाशी उकिडवा बसलो होतो. हातात भाजलेली कणसं, तळहात काळे, डोळ्यात धूर. मी ड्रायव्हर. पण हुरड्याच्या दिवशी ड्रायव्हरनं गाडीत बसून राहायचं नसतं. कणसं भाजायची, चोळायची, सुपात पाखडायची आणि गरम हुरडा द्रोणात घालून एकेकाच्या हातात नेऊन द्यायचा. हे मला कुणी सांगितलं नव्हतं. न सांगता कळतं तीच नोकरी टिकते.

शेत मालकांचं, देवगाव रंगारीच्या शिवारात. मालक शहरात राहतात, बांधकामाचा धंदा आहे. थंडी पडली की एक शनिवार शेतावर हुरडा, ही त्यांची पद्धत. त्या शनिवारी चौघंच होते. मालक, मालकीणबाई, म्हणजे मी ज्यांना वहिनीसाहेब म्हणायचो त्या, आणि परदेशातनं सुट्टीवर आलेले त्यांचे दोस्त डॉक्टर नि डॉक्टरीणबाई.

"हा कसला जज? हा कुठं गेलाय?" मालक हसले.

"म्हणून तर! ज्यानं काहीच बघितलं नाही, तो कुणाची बाजू घेणार? काय रे, कुठवर गेलायस तू?"

"जालना, बीड, नांदेड. एकदा सोलापूर."

सगळे खो खो हसले. मीपण हसलो. ही माझी जुनी खोड. माझ्यावर कुणी हसायला लागलं की मी त्यांच्याच बाजूला जाऊन उभा राहतो.

त्यांची शर्यत लागली होती. जगातलं सगळ्यात वाईट ठिकाण कुठलं, जिथली माणसं सगळ्यात माणूसघाणी? प्रत्येकानं एक सांगायचं. डॉक्टरांनी पॅरिस सांगितलं. हॉटेलात तासभर बसले, वेटर बघून न बघितल्यासारखं करत होता. डॉक्टरीणबाईंनी कैरो सांगितलं. टॅक्सीवाल्यानं भांडण करून भर रस्त्यात उतरवलं. मालकांनी मॉस्कोचं विमानतळ सांगितलं. तिथला साहेब पासपोर्ट बघायचा, तोंड बघायचा, परत पासपोर्ट बघायचा. "आपण काय चोर आहोत का?" मालक चिडून म्हणाले. इतकी वर्षं झाली तरी चिडले.

मी कणसं चोळत ऐकत होतो. आणि खोटं कशाला बोलू, मला बरं वाटत होतं. यांनापण कुणीतरी ताटकळत उभं करतं. यांनापण कुणीतरी अरे-तुरे करतं. फक्त त्यासाठी विमानानं जावं लागतं.

मग वहिनीसाहेब म्हणाल्या, "मला एवढं लांब जायची गरज नाही. माझं ठिकाण आपल्याच जिल्ह्यात आहे. अजिंठ्याच्या अलीकडं."

गेल्या उन्हाळ्यात त्या बहिणीला घेऊन लेणी बघायला निघाल्या होत्या. "हा तेव्हा रजेवर होता," माझ्याकडं हात करून त्या म्हणाल्या. "बदली ड्रायव्हर घेतला, तर त्या बाबानं गाडीत पाण्याच्या बाटल्यासुद्धा ठेवल्या नाहीत. घशाला कोरड. रस्त्याकडेला एक घर दिसलं. निळे पत्रे, दारात बाभूळ, बाजूला मेंढरांचा वाडा. म्हटलं, खेड्यातली माणसं, पाणी तरी देतील. बाई दारातच बसलेली. मी म्हटलं, मावशी, घोटभर पाणी द्या. तर उठली, हातानं 'जा, जा' केलं आणि तोंडावर दार लावून घेतलं! वर कुत्रं सोडलं अंगावर. काळं, एवढं मोठं."

माझ्या हातातलं कणीस चोळायचं राहिलं.

निळे पत्रे मी टाकले होते. बाभूळ आमची. ते काळं कुत्रं माझ्या बापाचं. बाप गेल्यापासनं ते येईल त्याच्यावर भुंकायचं, कुणी सोडावं लागत नव्हतं. आणि मी रजेवर होतो कशासाठी? बाप मेला म्हणून. त्या दिवशी मी, भाऊ आणि भावकी राख घेऊन पैठणला गेलो होतो. आई एकटी घरी. सुतकाचं घर. आमच्यात सुतकाच्या घरचं पाणी परक्याला देत नाहीत. देणाऱ्याला काही होत नाही, पिणाऱ्याला लागतं, असं आई मानते. म्हणून तिनं हातानं सांगितलं, पुढं जा. पुढच्या वस्तीवर मिळेल. नवरा जाऊन चार दिवस झालेली बाई. तिच्या तोंडातनं शब्द फुटत नव्हता.

हे मला माहीत होतं, कारण पैठणहून आल्या आल्या आईनं तेच सांगितलं होतं. "दोन बाया आल्या होत्या रं पाण्याला. लई उन्हाच्या. मला देता आलं नाय." बापाचं सोडून ती त्या दोन बायांसाठी रडली होती.

"हां जजसाहेब, निकाल!" डॉक्टर ओरडले.

चार तोंडं माझ्याकडं. वहिनीसाहेब हसत होत्या, आपलाच नंबर येणार अशा खात्रीनं. आजवर मी कधी त्यांच्या शब्दाबाहेर गेलो होतो?

"वहिनीसाहेबांचं," मी म्हणालो.

टाळ्या झाल्या. मालकांनी स्वतःचा फेटा काढून बायकोच्या डोक्यावर ठेवला. पॅरिस मागं, मॉस्को मागं. साऱ्या जगात वाईट माझी आई. आणि हे माझ्या तोंडानं ठरलं. तोंडात हुरडा होता, तो गिळवेना, थुंकताही येईना. 

"उद्या लेण्यांना जातोच आहोत," डॉक्टर म्हणाले. "जिंकलेल्या जागेसमोर फोटो काढायचा. वहिनी, तुम्ही ओळखाल ना ते घर?"

"डोळे झाकून," वहिनीसाहेब म्हणाल्या.

रविवारी सकाळी शहरातनं निघालो. मालक आले नाहीत, त्यांना साइटवर काम होतं. मागं दोघी बाया, पुढं माझ्या शेजारी डॉक्टर. फुलंब्री गेलं.  सिल्लोडला चहाला थांबलो. ते टेबलावर, मी गाडीला टेकून. निम्मा चहा झाला आणि मी कप ठेवून त्यांच्या टेबलापाशी गेलो.

"वहिनीसाहेब, ते घर आमचं आहे. ती माझी आई."

 मग मी बोलतच सुटलो. बाप गेला होता, सुतक होतं, आमच्यात असं असतं, कुत्रं तिनं सोडलं नव्हतं, ती तशी बाई नाही, तुम्ही कुणालाही विचारा. हात जोडले होते की काय, आठवत नाही. जोडले असतील. काल मीच आईला पहिला नंबर दिला होता आणि आज तिचा नंबर खाली यावा म्हणून बापाचं मरण त्यांच्या चहाच्या टेबलावर मांडत होतो. त्यांनी मागितलंसुद्धा नव्हतं.

"अगंबाई! अरे, मग काल का नाही बोललास?" वहिनीसाहेब म्हणाल्या. त्यांना खरंच वाईट वाटलं असावं. डोळ्यात पाणी आलं होतं. मी त्यांना राक्षसीण ठरवणार नाही.

डॉक्टर मात्र उठून उभे राहिले. "अरे, हे तर त्याहून भारी आहे! आता गोष्ट पुरी झाली. फोन लाव आईला. चुलीवरची भाकरी मिळेल का विचार."

आणि मी फोन लावला. बघा माझी जात. मला आनंद झाला होता! आईचा डाग पुसला जाणार, मालकीण माझ्या दारात जेवणार, पोराची छाती फुगली.

"आई, पाहुणे आणू का? माझ्या मालकीणबाई. मागं पाणी मागायला आलत्या बघ, त्याच."

 आई म्हणाली, "त्याच व्हय? आरं देवा! आन की बाबा, आन. लई बरं झालं. मला उठता-बसता तेच आठवतंय. उन्हातलं माणूस मी तसंच लावून दिलं. तुझा बाप असता तर म्हणला असता, कसलं सुतक घेऊन बसली, पाणी दे आधी. मी भाकरी टाकते. सावकाश ये."

गाडी सिल्लोडच्या बाहेर पडली. डॉक्टर मोबाइल पुसत होते.

"मी सांगतो व्हिडिओ कसा करायचा. वहिनी, तुम्ही पहिल्यांदा गेलात तसंच जायचं. मावशी, पाणी द्या. मग तिनं दार लावायचं, धाडकन. ते मी बाहेरनं घेतो. मग थोडं थांबून दार उघडेल, हातात भाकरी, चेहऱ्यावर हसू. काय?"

"आणि मध्ये ते नवऱ्याचं सांगेल ना?" डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "दोनच वाक्यं. जवळनं घ्या ते."

"आईला जमेल ना रे?" डॉक्टरांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "तू आधी उतर आणि नीट समजावून सांग. दार जोरात लावायचं म्हणावं. त्या दिवशी लावलं तसंच."

मी आरशात बघितलं. वहिनीसाहेब खिडकीबाहेर बघत होत्या. नको म्हणाल्या नाहीत.

मला माहीत होतं, आईला सांगितलं तर ती करेल. हेच तर! ती म्हणेल, लावते की, त्यात काय, पाहुण्यांना बरं वाटतंय ना? पदर नीट करेल, दार लावेल. जोरात नाही लागलं तर परत लावेल. हे मागतील तेवढ्या वेळा. बाप मेल्याचं सांगेल, आणि सांगताना खरंच रडेल. तिला खोटं रडता येत नाही. आणि तिला समजावून सांगणारा कोण? मी. मी तिच्या पुढ्यात उभा राहून सांगणार, आई, दार अजून जोरात लाव.



वळण आलं. बाभूळ दिसली, निळे पत्रे दिसले. आणि आई रस्त्यावर येऊन उभी होती. धुतलेलं लुगडं. एका हातात तांब्या, त्यावर पेला उपडा घातलेला. गाडी ओळखली तिनं. दुसरा हात वर केला, तोंडभर हसली.

मी गाडी थांबवली नाही.

पाय ब्रेककडं जात होता, मी त्याला जाऊ दिलं नाही. आई खिडकीच्या बाजूनं गेली. अगदी जवळनं. तिचं हसू तसंच होतं, तिला वाटलं असेल पुढं जाऊन थांबवतोय. आरशात ती लहान होत गेली, हात तसाच वर. तो हात मला अजून दिसतो. मी पैसे चोरलेत, दारू पिऊन बायकोला बोललोय, पण यापेक्षा वाईट काम मी आयुष्यात केलेलं नाही.

"अरे थांब, हेच ना ते?" वहिनीसाहेब ओरडल्या. "ती तुझी आई ना? थांब!"

"हेच. पण गाडी थांबणार नाही."

"काय झालं काय तुला?"

"माझी आई दार लावायचा खेळ करून दाखवणार नाही."

"अरे, गंमत रे!" डॉक्टर म्हणाले. "एवढं काय मनावर घेतोस?"

मी गिअर बदलला. अजिंठा गाव गेलं, घाट उतरलो. लेण्यांच्या फाट्यावर गाडी सावलीला लावली, काच वर केली, किल्ली वहिनीसाहेबांच्या हातात दिली.

"परत न्यायला मालकांना दुसरा माणूस पाठवायला सांगा."

"एवढ्याशा गोष्टीवरनं नोकरी सोडतोस?" त्या म्हणाल्या. "आम्ही तर जेवायला येत होतो तुझ्याकडं. तुझ्या आईला किती बरं वाटलं असतं!"

हे त्यांनी बरोबर ओळखलं होतं.  मी काळी-पिवळी जीपमध्ये बसलो आणि मागं आलो.

आई चुलीपाशी बसली होती. भाकरी टोपल्यात झाकलेल्या. माझ्याकडं बघितलं नाही.

"मी हात केला."

"दिसला मला."

"मग?"

सगळं सांगितलं. शेतावर पहिला नंबर कुणी दिला, तेसुद्धा. ती खालमानेनं ऐकत राहिली. मला वाटलं होतं, डोक्यावरनं हात फिरवेल. म्हणेल, बरं केलंस.

"लावलं असतं मी दार," ती म्हणाली. "माझा हात काय झिजला असता व्हय? तुला लाज वाटली म्हणून माझ्या दारावरनं दुसऱ्यांदा तहानलेलं माणूस गेलं."

"ते तहानलेले नव्हते, आई. गाडीत पाण्याच्या बाटल्या होत्या. मीच भरून ठेवल्या होत्या."

"मला काय म्हाईत त्यांच्या बाटल्या! मी तांब्या घेऊन हुबी होते."

 त्या दिवशी ती जेवली नाही. मी जेवलो नाही. भाकरी कुत्र्यानं खाल्ल्या.

पुढं मालकांचा दोनदा फोन आला, ये म्हणाले, राग सोड. मी गेलो नाही. आता दुसऱ्याची जीप चालवतो, सिल्लोड ते फाटा. रोज आमच्या दारावरनं जातो. आईनं मला अजून माफ केलेलं नाही. सणावाराला, चार पाहुण्यांत, अजून म्हणते, या माणसानं माझ्या हातचं पाणी परत केलं. मी मान खाली घालून ऐकतो, कारण तिचा अपराधी मी आहेच.

पण ती गाडी उद्या पुन्हा आली, चालवायला मी असलो आणि आई तशीच हसत उभी असली, तरी मी थांबवणार नाही.