गोठलेला पाइप आणि आबांची आठवण

हे मी अजून कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्यालासुद्धा नाही. तुम्हाला का सांगतेय — माहीत नाही.

नव्वदच्या दशकात मी नोकरीसाठी मिशिगनला आले. तिथल्या नोव्हाय गावात चुलतभावाकडे, नंदूदादाकडे राहायचे. त्या हिवाळ्यात वहिनीचे वडील, आबा, साताऱ्याहून आले होते. निवृत्त शिक्षक. कितीतरी वर्षांपूर्वीचा वर्ग, कोण कुठल्या बाकावर बसायचं यासकट सांगायचे. इतकी लख्ख आठवण मी दुसऱ्या कुणाची पाहिली नाही — आणि तिचंच मी काय केलं?

आयुष्य दुष्काळी गावांत गेलेलं, त्यामुळे वाया जाणारं पाणी त्यांना बघवायचं नाही. पण किचनचं सिंक बाहेरच्या भिंतीला लागून होतं. कडाक्याची थंडी पडली की पाइप गोठू नये म्हणून दादा नळाची बारीक धार सोडून ठेवायचा. सिंकखालच्या कपाटाची दारंही उघडी, म्हणजे घरातली ऊब आतपर्यंत पोचेल. "आबा, नळाला हात लावू नका हं," वहिनी पुन्हा पुन्हा सांगायची.

एका शनिवारी आम्ही मित्रांकडे मुक्कामाला निघालो. सगळे गाडीत बसलेले. मी शेवटची. चहाचा कप विसळला, नळ घट्ट बंद केला, पायात येतात म्हणून कपाटाची दारंही लावली. सवयीने. इतकं साधं.

रविवारी परत आलो तर नळ बंद आणि पाइप फुटलेला. किचनची लाकडी जमीन पाण्याने फुगलेली, खाली बेसमेंटचं छत कोसळलेलं. वहिनी रडायलाच लागली. "आबा, किती वेळा सांगितलं होतं तुम्हाला!" जावयासमोर आबा ओशाळून उभे. "मी नाही गं… मला तरी नाही आठवत."

मी बोलले? नाही. नवीन होते, दुसऱ्याच्या घरात राहत होते — नको. कारणं नकोत.

पण एवढंच असतं तर कदाचित विसरलेही असते. दोन-चार दिवसांनी आबा माझ्या खोलीच्या दारात आले. "पोरी, शेवटी तू निघालीस ना? खरं सांग, मी बंद केला होता का गं नळ?"

अजूनही सांगता आलं असतं. किती विश्वासाने बघत होते माझ्याकडे! मी म्हणाले, "हो आबा. मी बघितलं तुम्हाला."

ते खुर्चीत बसले. म्हणाले, "बरं झालं सांगितलंस. मी उगाच लेकीला खोटं पाडत होतो."

त्यानंतर ते सगळंच विचारायला लागले. गोळी घेतली का मी? दार लावलं का? वर्गाच्या गोष्टी थांबल्या. एखादं नाव ओठांवर आलं तरी म्हणायचे, "जाऊ दे, चुकत असेन." ठरल्यापेक्षा लवकर साताऱ्याला, मुलाकडे परत गेले. तिथे सून त्यांना गॅसजवळ एकटं जाऊ देत नसे — वहिनीनेच फोनवर तसं बजावलं होतं. काही वर्षांनी गेले.

आबांचं विसरणं नोव्हायलाच सुरू झालं, असं वहिनी आजही म्हणते. आबा काहीच विसरले नव्हते. मी मान डोलावते.